टी निवडायची ती दुसऱ्या शॉटवरून

नागपुरातल्या त्रिमूर्ती नगरच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: वय ४६, गोल्फ सुरू करून अडीच वर्षं झाली, हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळाडू चांगला) २२.४. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, २२० यार्ड जातो. नेहमीचे तीन सोबती ब्लू टीवरून (टी म्हणजे प्रत्येक होलचा पहिला शॉट मारायची जागा, तिच्या खुणांना रंग असतात) खेळतात म्हणून हेही तिथूनच मारतात, आणि स्कोअर १०४-१०५ च्या खाली येत नाही. आता रविवारी पत्नी, १२ वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांचे वडीलही मैदानावर येऊ लागले आहेत. कोणी कुठून मारायचं? मैदानाच्या स्कोअरकार्डावर ब्लू टीवरून अठरा होलची एकूण लांबी ६,५४० यार्ड, व्हाइटची ६,०६० आणि रेडची ५,२८० आहे.

आधी थोडक्यात सांगतो. ब्लू सोडा. उन्हाळ्यात व्हाइटवरून खेळा, पावसाळ्यात रेडवरून, आणि हिवाळ्यात काही होल व्हाइटवरून, काही रेडवरून. पत्नी आणि वडिलांना रेड, तीही काही होलवर लांबच पडेल. मुलाला टीबॉक्सवर उभंच करू नका, त्याची सुरुवात फेअरवेवरून, म्हणजे टीच्या पुढच्या कापलेल्या गवतावरून. पण एवढंच घेऊन गेलात तर उद्या पुण्याला किंवा दिल्लीला खेळायला गेल्यावर पुन्हा अडाल, कारण तिथली व्हाइट म्हणजे इथली व्हाइट नाही. म्हणून मी हे कशावरून ठरवतो ते सविस्तर लिहितो. पंचवीस वर्षं नागपुरात शिकवतोय आणि त्याआधीपासून खेळतोय. नव्या खेळाडूचं सगळ्यात जास्त नुकसान कशानं होतं असं कोणी विचारलं तर मी ग्रिप किंवा स्टान्स म्हणणार नाही, चुकीची टी म्हणेन.

पहिली गोष्ट म्हणजे रंगाला काही अर्थ नाही. ब्लू म्हणजे चांगला खेळाडू, व्हाइट म्हणजे साधारण, रेड म्हणजे बायका, हे आपण डोक्यात पक्कं करून टाकलं आहे. नियमांच्या पुस्तकात असं कुठेही नाही. कुठल्या मैदानानं कुठला रंग लावावा यावर बंधन नाही. कुठे काळी टी सगळ्यात मागे असते, कुठे सोनेरी मागे तर कुठे सोनेरीच पुढे असते. म्हणून रंग विचारू नका, यार्ड विचारा. कार्ड मीटरमध्ये असेल तर तेही बघून घ्या: १ मीटर म्हणजे १.०९ यार्ड, त्यामुळे ५,८०० मीटर वाचून सोपं वाटलं तरी ते ६,३०० यार्डांच्या वर जातं.

आता तुमच्या २२० यार्डांकडे येऊ. हा आकडा तुम्ही कधी मोजला? माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला आपला सगळ्यात लांब गेलेला ड्राइव्ह आठवतो, आणि तो बहुतेक एप्रिल-मेमधला असतो. जमीन भाजून निघालेली, बॉल पडला की टणकन उडून चाळीस यार्ड पळतो. तो आकडा खोटा नाही, पण तो तुमचा एकट्याचा नाही, त्यात जमिनीचा वाटा आहे. ब्रिटनमध्ये हौशी पुरुष खेळाडूंचे ड्राइव्ह वर्षानुवर्षं मोजले गेले, त्यांची सरासरी २१५ यार्डांच्या आसपास निघाली, आणि त्यात तुमच्यापेक्षा बरेच कमी हँडिकॅपवालेही होते. २२ हँडिकॅपचा खेळाडू बारा महिने २२० मारत नाही.

मोजायचं असं. फेअरवेच्या कडेला ग्रीनपासून (जिथे होल असतो त्या बारीक कापलेल्या हिरवळीपासून) २००, १५० आणि १०० यार्डांचे खुंट किंवा खुणा असतात. सकाळी गर्दी नसताना एका सरळ होलवर जा, टीपासून ग्रीनच्या मध्यापर्यंतचं अंतर कार्डावरून घ्या, दहा बॉल मारा. प्रत्येक बॉल जवळच्या खुणेपासून पावलांनी मोजा. साधारण उंचीच्या माणसाचं लांब पाऊल यार्डाच्या जवळपास भरतं. सगळ्यात लांबचे दोन आणि सगळ्यात आखूड दोन सोडून द्या. उरलेल्या सहांची सरासरी हा तुमचा ड्राइव्ह. प्रॅक्टिस रेंजवर हे करू नका, रेंजचे बॉल झिजलेले असतात आणि कमी जातात. आणि मोजताना हवेतलं अंतर आणि घरंगळलेलं अंतर वेगळं लिहून ठेवा. हे दोन आकडे वेगळे का, ते नागपूरच्या माणसाला नीट कळायला हवं, त्यावर पुढे येतो.

आता मूळ मुद्दा. टी निवडताना सगळे पहिल्या शॉटचा विचार करतात. मी दुसऱ्या शॉटचा करतो. पार-४ होलवर (जो चार शॉटमध्ये संपवणं अपेक्षित असतं) तुमचा नेहमीसारखा, बरा ड्राइव्ह बसला, त्यानंतर दुसऱ्या शॉटला हातात काय येतं? सात, आठ, नऊ नंबरची आयर्न, म्हणजे मध्यम आणि आखूड अंतराचे क्लब, आली तर टी बरोबर आहे. बहुतेक होलवर फेअरवे वुड किंवा हायब्रिडच (लांब अंतराचे क्लब) काढावा लागत असेल, तर तुम्ही फार मागून खेळताय. आणि सगळीकडे नुसता वेजच (अगदी आखूड अंतराचा क्लब) लागत असेल तर फार पुढून.

ब्लूवर तुमचं काय होत असेल, ते मी न बघता सांगू शकतो. ४१० यार्डांचा पार-४. ड्राइव्ह २००. उरले २१०. थ्री वुड काढता, जीव खाऊन मारता, दहांतले सात वेळा बॉल जमिनीलगत जातो नाहीतर रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात. मग पन्नास यार्डांची अवघड पिच (उंच उचललेला आखूड शॉट), ती बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), बाहेर काढायला एक, मग ग्रीनवर होलात घालायला तीन. सात झाले. आणि घरी जाताना तुम्ही म्हणता की माझी शॉर्ट गेम (ग्रीनजवळचा खेळ) कच्ची आहे. शॉर्ट गेम कच्ची नाही, दुसरा शॉट तुमच्या आवाक्यातलाच नव्हता. ज्या अंतरावरून ग्रीन गाठणं शक्यच नाही तिथून मारलेल्या शॉटमधून माणूस काही शिकत नाही, कारण चांगला मारला आणि वाईट मारला यांत फळाचा फरकच दिसत नाही.

जगभरात मैदानाचं रेटिंग करताना जो हिशोब धरतात, तोही हेच सांगतो. त्यात दोन नमुन्याचे खेळाडू कल्पिलेले आहेत. एक स्क्रॅच, म्हणजे शून्य हँडिकॅपचा. पुरुष असेल तर तो टीवरून २५० यार्ड मारतो आणि ४७० यार्डांचा होल दोन शॉटमध्ये गाठतो. दुसरा बोगी गोल्फर, हँडिकॅप साधारण २०, ड्राइव्ह २०० यार्ड, आणि दोन शॉटमध्ये जास्तीत जास्त ३७० यार्ड. हा दुसरा माणूस म्हणजे जवळजवळ तुम्हीच आहात. तेव्हा पेन्सिल घ्या आणि कार्डावर ३७० पेक्षा लांब असलेल्या पार-४ होलभोवती गोल करा. नेहमीच्या पार-७२ मैदानावर दहा पार-४ असतात. तुमच्या लांबीच्या कार्डावर ब्लूवरून असे पाच-सहा होल निघतील, व्हाइटवरून तीन-चार, रेडवरून बहुधा एकही नाही. माझा ठोकताळा असा आहे की दहांत तीनपर्यंत चालतील. तेवढं आव्हान हवंच. पाच-सहा झाले की तुम्ही निम्मा दिवस हरलेल्या होलवर घालवताय.

याहून झटपट हिशोबही आहेत. पाच नंबर आयर्न जितकं जातं त्याला ३६ नं गुणा. तुमचं पाच नंबर १५० जात असेल तर ५,४०० यार्ड. किंवा ड्राइव्हला २८ नं गुणा: २०० चे ५,६००. अमेरिकेत २०११ साली यूएसजीए (तिथली राष्ट्रीय गोल्फ संघटना) आणि पीजीए ऑफ अमेरिका (व्यावसायिक गोल्फ प्रशिक्षकांची संघटना) या दोन संस्थांनी ‘टी इट फॉरवर्ड’, म्हणजे पुढच्या टीवरून खेळा, नावाची मोहीम काढली होती. अॅडम्स गोल्फ कंपनीचे संस्थापक बार्नी अॅडम्स यांची ती कल्पना. त्यांच्या तक्त्यात २५० यार्ड मारणाऱ्याला ६,२०० ते ६,४००, २२५ वाल्याला ५,८०० ते ६,०००, २०० वाल्याला ५,२०० ते ५,४००, १७५ वाल्याला ४,४०० ते ४,६०० आणि १५० वाल्याला ३,५०० ते ३,७०० यार्डांचं मैदान सुचवलं आहे. बघा, तुमची ब्लू ६,५४० आहे. ती त्या तक्त्यात २५० मारणाऱ्यालाही लांब पडते. तुमचे तिघं सोबती खरंच २६० मारतात का? मारत असतील तर त्यांना खुशाल तिथून खेळू द्या. मारत नसतील तर हे त्यांनाही वाचायला द्या.

आता आपल्या नागपूरचा भाग, जो कुठल्याच तक्त्यात सापडत नाही.

आपली जमीन काळी. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आक्रसून भेगाळते. मे महिन्यात, नवतपा (मेअखेरचे तापलेले नऊ दिवस) सुरू व्हायच्या सुमारास, फेअरवे म्हणजे रस्ता झालेला असतो. पारा ४५ वर. हवा तापलेली म्हणून विरळ, त्यामुळे बॉल हवेतही थोडा जास्त जातो. डिसेंबरच्या पहाटेच्या तुलनेत ड्रायव्हरवर आठ-दहा यार्डांचा फरक सहज पडतो. आणि खाली पडल्यावर पळतो ते वेगळंच. तोच माणूस, तीच स्विंग, ऑगस्टमध्ये: बॉल पडतो आणि फचकन तिथेच रुततो. घरंगळणं पाच यार्ड, कधी शून्य. (रुतलेला बॉल रफ किंवा फेअरवेवर असेल तर दंड न घेता उचलून, पुसून, खड्ड्याच्या लगेच मागच्या जागेपासून एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता ड्रॉप करता येतो. इथले अर्धे लोक पावसाळाभर हा हक्क न वापरता चिखलातून मारत बसतात.) दमट हवा जड असते म्हणून बॉल कमी जातो, असं पुष्कळ जण सांगतात. ते बरोबर नाही, दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. पावसाळ्यात अंतर जातं ते ओल्या जमिनीमुळे, ओल्या ग्रिपमुळे आणि क्लबफेस आणि बॉल यांच्यामध्ये येणाऱ्या पाण्यामुळे.

तुमचा आकडा धरून बघू. हवेतलं अंतर १८० समजा. मेमध्ये त्यात ४० ची भर पडते, एकूण २२०. डिसेंबरमध्ये हरळी पिवळी पडलेली, जमीन मध्यम, २० ची भर, एकूण २००. ऑगस्टमध्ये ५, एकूण १८५. आता २८ नं गुणा. उन्हाळ्यात ६,१६०, हिवाळ्यात ५,६००, पावसाळ्यात ५,१८०. तुमच्या कार्डावर व्हाइट ६,०६० आणि रेड ५,२८०. म्हणून मी सुरुवातीला तीन ऋतूंची तीन उत्तरं दिली. पावसाळ्यात वाढलेलं रफ धरलं तर रेडसुद्धा सोपी जाणार नाही. पाऊस साधारण जूनच्या मध्यावर लागतो, पण जमीन पहिल्या दोन-तीन सरींनी भरत नाही, भेगा पाणी पितात. माझ्या अनुभवात रन, म्हणजे बॉलचं घरंगळणं, खऱ्या अर्थानं जातो जुलैच्या पहिल्या आठवड्यात आणि परत येतो तो दसऱ्याच्या आसपास. तारखेवर नका जाऊ, बॉल पडल्यावर काय करतो ते बघा.

हिवाळ्यात दोन टींची मिसळ करा म्हटलं ती अशी: जे पार-४ व्हाइटवरून ३७० च्या वर आहेत ते रेडवरून खेळा, उरलेले व्हाइटवरून. लांब पार-३ असेल, म्हणजे १७५-१८० चा, तर तोही पुढून. पार-५ व्हाइटवरूनच ठेवा, तिथे तुम्हाला तीन शॉट आहेतच. अनेक मैदानांवर अशी मिश्र टी कार्डावरच छापून तिचं रेटिंगही केलेलं असतं. तुमच्याकडे नसेल तर मैत्रीच्या खेळात स्वतः पेन्सिलनं करून घ्या. नऊ होलचं मैदान दोनदा फिरून अठरा करत असाल तर हे आणखी सोपं आहे, पहिली फेरी एका टीवरून, दुसरी दुसऱ्या.

नाल्यावरून किंवा तळ्यावरून मारायचं असेल तिथे मात्र एकूण अंतर विसरा. तिथे फक्त हवेतलं अंतर मोजायचं, आणि तेही दहा-पंधरा यार्ड कमी धरून. मागच्या टीवरून पाणी ओलांडायला १७५ लागत असतील आणि तुमचं हवेतलं १८० असेल, तर ती टी तुमची नाही. मे महिन्याचा २२० तिथे कामाचा नाही, पाण्यावर बॉल घरंगळत नाही.

माझ्या स्वतःच्या बाबतीत हे मला उशिरा कळलं. बावन्नाव्या वर्षी उजवा खांदा दुखावला. सहा महिन्यांनी परत आलो तेव्हा ड्राइव्ह २५ यार्डांनी कमी झाला होता. तरी ब्लूच. शिकवणाऱ्यानं पुढून मारलं तर शिष्य काय म्हणतील, हा विचार होता. हरवलेले २५ यार्ड परत आणायला जोर लावू लागलो, त्यानं कंबर धरली. दोन वर्षं अशीच गेली. मला जागं केलं ते माझ्या कॅडीनं, म्हणजे बॅग वाहणाऱ्या सोबत्यानं. माझ्याहून वयानं मोठा, लहानपणापासून मैदानावर वाढलेला माणूस. सातव्या होलवर मी पुन्हा चार नंबर मागितलं तेव्हा तो बॅगवर हात ठेवून म्हणाला, “साहेब, हे चार नंबर कायले काढता रोज? टी जराशी समोर घ्या ना जी, मंग आठ नंबरातच होते.” पुढच्या दिवशी मी व्हाइटवरून खेळलो. त्याच होलवर आठ नंबर हातात आलं, बॉल उंच गेला, ग्रीनवर पडून थांबला. बॉल ग्रीनवर पडून थांबतो हे मी दोन वर्षांत पाहिलंच नव्हतं. कंबरही त्या हिवाळ्यात बरी झाली, कारण जोर लावायचं कारणच उरलं नाही.

तुम्ही म्हणाल, सोबती ब्लूवर आणि मी व्हाइटवर, मग सामना कसा लावायचा? त्यासाठीच कोर्स हँडिकॅप आहे. २०२० पासून चालू असलेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत तुमचा इंडेक्स सगळीकडे एकच असतो, पण प्रत्येक टीवर मिळणारे, म्हणजे स्कोअरमधून वजा होणारे, शॉट वेगळे. इंडेक्सला त्या टीच्या स्लोपनं (बोगी गोल्फरला ती टी स्क्रॅचपेक्षा किती अवघड जाते ते सांगणारा आकडा) गुणायचं, ११३ नं भागायचं, आणि कोर्स रेटिंगमधून (स्क्रॅच खेळाडूचा तिथला अपेक्षित स्कोअर) पार वजा करून येणारा आकडा त्यात मिळवायचा. ११३ हा प्रमाण स्लोप, तो ५५ पासून १५५ पर्यंत असू शकतो. उदाहरणासाठी आकडे घेतो, तुमच्या मैदानाचे कार्डावर बघून घाला. पार ७२. ब्लूचं रेटिंग ७३.१ आणि स्लोप १३४ असेल तर तुमचे २२.४ होतात २८. व्हाइट ७०.८ आणि १२८ असेल तर २४. रेड ६७.६ आणि ११७ असेल तर १९. म्हणजे पुढे आलात की तुमचे शॉट कापले जातात, कोणाला फुकट काही मिळत नाही. कोणी “पुढून खेळतो म्हणून जिंकतो” म्हणालं तर हा हिशोब दाखवा. फक्त रेडचं पुरुषांसाठीचं रेटिंग वापरा. एकाच टीचं पुरुषांचं आणि स्त्रियांचं रेटिंग वेगळं असतं, आणि काही कार्डांवर रेडसमोर फक्त स्त्रियांचंच छापलेलं असतं.

स्पर्धेत मात्र टी निवडायचा हक्क तुम्हाला नाही, ती समिती ठरवते. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण शॉट मोजायच्या खेळात) चुकीच्या टीवरून मारलं तर दोन शॉटचा दंड, आणि पुढचा होल सुरू करण्याआधी ती चूक दुरुस्त केली नाही तर बाद. सवयीनं रोजच्या टीकडे पाय वळतात, म्हणून स्पर्धेच्या सकाळी कार्ड नीट वाचा. आणि खुणेच्या पुढे बॉल ठेवू नका. मागे दोन क्लबच्या लांबीपर्यंत कुठेही ठेवता येतो, तिथे सपाट, चांगली जागा शोधा.

आता तुमच्या पत्नींबद्दल. त्यांना पहिलंच वर्ष आहे आणि बॉल १३० यार्ड जातो असं तुम्ही लिहिलंय. रेटिंगच्या हिशोबात बोगी गोल्फर स्त्री टीवरून १५० मारते आणि दोन शॉटमध्ये २८० गाठते. तेव्हा ५,२८० यार्डांची रेड टी, जिला सगळे सोपी म्हणतात, ती त्यांच्यासाठी तुमच्या ब्लूइतकीच अवघड आहे. तिथले पार-४ सरासरी ३०० च्या घरात. आपल्याकडच्या मैदानांनी हा अन्याय वर्षानुवर्षं चालवला आहे: मागच्या टींची लांबी वाढवत न्यायची आणि स्त्रियांची टी तीस-चाळीस यार्ड पुढे एका कोपऱ्यात ठेवून द्यायची. मी एका स्पर्धेत पाहिलंय, पुरुषांच्या टीवर हिरवळ कापून, रोलर फिरवून ठेवलेली, आणि स्त्रियांच्या खुणा उतारावरच्या चिखलात रोवलेल्या. माझी एक विद्यार्थिनी तिथे पहिल्याच शॉटला घसरून पडली. ती १९० मारणारी मुलगी होती, व्हाइटवरून मजेत खेळली असती, पण तिला कोणी विचारलंच नाही. रंगाला अर्थ नाही हे दोन्ही बाजूंनी खरं आहे. लांब मारणारी मुलगी व्हाइटवर जाऊ शकते आणि आखूड मारणारा पुरुष रेडवर.

टोकियो ऑलिंपिकचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देतो. कासुमिगासेकीच्या एकाच मैदानावर, आठवड्याच्या अंतरानं, पुरुष ७,४४७ यार्डांवर खेळले आणि स्त्रिया ६,६४८ यार्डांवर. पार दोघांनाही ७१. त्याला कोणी सवलत म्हटलं नाही, ती लांबी ज्याच्या त्याच्या ड्राइव्हला साजेशी होती. आणि तिथे आपली अदिती अशोक, त्या गटातल्या लांब मारणाऱ्यांच्या कितीतरी मागे ड्राइव्ह पडत असताना, १५ अंडर (पारपेक्षा १५ शॉट कमी) करून चौथी आली, ब्रॉन्झपासून एका शॉटवर. तिचा दाखला देऊन काही जण म्हणतात, बघा, आखूड मारूनही जमतं. जमतं, पण तिचं हायब्रिड ग्रीनवर जाऊन बसतं आणि तिचं पटिंग (ग्रीनवर बॉल होलात घालणं) जगातल्या मोजक्या उत्तमांपैकी आहे. तुमच्या पत्नींकडे या दोन्ही गोष्टी यायला वेळ लागेल. तोवर लांब होलवर रेडच्याही पुढे, फेअरवेवर, सपाट जागा बघून त्यांचा बॉल ठेवा. एकूण ३,५०० यार्डांच्या आसपास मैदान झालं पाहिजे. तसं केलं तर त्यांना दोन महिन्यांत पहिला पार मिळेल, आणि त्यानंतर रविवारी त्यांना उठवावं लागणार नाही.

मुलासाठी मी ‘ऑपरेशन ३६’ या नावानं चालणारी पद्धत वापरतो. नऊ होल, प्रत्येक होल ग्रीनपासून फक्त २५ यार्डांवरून सुरू. पार ३६ धरायचा. ३६ किंवा कमी झाले की ५० यार्डांवर जायचं, मग १००, १५०, २००, आणि शेवटी टीबॉक्स. टप्पा मिळवावा लागतो, वय वाढलं म्हणून मिळत नाही. २५ यार्डांवरून ३६ करणं तुम्हाला सोपं वाटत असेल तर एकदा स्वतः करून बघा. बारा वर्षांची मुलं साधारणपणे १०० च्या टप्प्यावर अडतात, काही महिने तिथेच राहतात, आणि तिथे त्यांचा वेज असा तयार होतो की पुढे आयुष्यभर पुरतो. त्याला ड्रायव्हर मारायचा असतोच, तो रेंजवर मारू द्या, मनसोक्त. कार्डावर मात्र टप्पा पाळा.

चौघं चार ठिकाणांहून मारणार म्हटल्यावर सुरक्षिततेचं बघा. सगळ्यात मागचा आधी मारेल, तोवर पुढचे तिघं त्याच्या मागे किंवा पुरेसे बाजूला. मुलगा पुढे पळतो, त्याला तुमच्या बॅगेजवळ उभं करा. कॅडीला आधीच सांगून ठेवा की कोण कुठून मारणार आहे, म्हणजे प्रत्येक होलवर चर्चा होणार नाही आणि मागून येणारा चौघांचा गट खोळंबणार नाही.

वडिलांचा प्रश्न तुम्ही शेवटी आणि अर्ध्या वाक्यात विचारलाय, पण मला तोच महत्त्वाचा वाटतो. त्यांचा ड्राइव्ह १६० जातो आणि ते तुमच्याबरोबर ब्लूवरून मारतात, कारण “अजून एवढं काही वय झालं नाही” म्हणतात. त्यांना कोणीही, मीसुद्धा, पुढे जा म्हणून सांगू नये. सांगितलेलं त्यांना लागेल. तुम्ही एक करा. येत्या रविवारी तुम्ही स्वतः रेडवर जा, तुमची बॅग तिथे उतरवा आणि त्यांना म्हणा, “बाबा, सरांनी मला दुसरा शॉट सुधारायला इथून खेळायला सांगितलंय, तुम्ही पण या, मला सोबत होईल.” पहिल्या पार-४ वर, ३०० यार्डांच्या, त्यांचा ड्राइव्ह १६० गेला की १४० उरतील. त्यांना हायब्रिड घ्यावं लागेल, पण ते हायब्रिड ग्रीनपर्यंत पोचेल. दोन-तीन होलवर सात नंबरही हातात येईल. उन्हात चालण्याचं अंतरही त्यांचं अठरा होलांत जवळजवळ पाऊण मैलानं कमी होतं, तेव्हा नवव्या होलवर ते थकलेले नसतील. मे महिन्यात मात्र त्यांना नऊवरच थांबवा, साडेपाचला टी-ऑफ आणि आठच्या आत घरी.

मोजलेले आकडे आले की मला पाठवा, हवेतलं आणि घरंगळलेलं वेगळं लिहून.